चाळिशीनंतर बाईने वजन का उचलावं आणि ताटात काय वाढून घ्यावं

पाळी अनियमित झाली, पोटाचा घेर वाढला, जिना चढताना मांड्या भरून येतात, रात्री घामाने जाग येते. अशा तक्रारी सांगणाऱ्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाईला आपल्याकडे ठरलेले दोन सल्ले मिळतात : रोज चालायला जा आणि जेवण कमी कर. ती दोन्ही मनापासून करते. सकाळी पाऊण तास चालते, रात्रीची पोळी सोडते, भात बंद करते. दोन-तीन महिन्यांत काटा तीन-चार किलो खाली येतो आणि सगळे कौतुक करतात. पण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात आणि त्या वयात गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत वजन पुन्हा वाढतं. ते वाढतं बहुतेक चरबीच्या रूपाने.

म्हणून या वयातल्या बहुतेक मराठी बायकांना मी उलटं सांगते. कमी करण्यापेक्षा आधी वाढवायला शिका. ताटातली प्रथिनं वाढवा आणि हातातलं वजन वाढवा. का, ते नीट समजून घेतलं तर करावंसंही वाटेल.

शरीरात नेमकं काय होतं

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं वैद्यकशास्त्र मानतं. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी घडतं, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. पण बदल त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) काही वर्षं खालीवर होत राहतं आणि मग कायमचं खाली बसतं.

इस्ट्रोजेनचं काम फक्त पाळीपुरतं नसतं. हाड ही जिवंत गोष्ट आहे. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि नवं हाड रचणाऱ्या पेशी तिथे आयुष्यभर काम करत असतात, जणू एकाच वाड्यात पाडकाम करणारे मजूर आणि बांधकाम करणारे गवंडी एकाच वेळी कामाला लावलेले असावेत. इस्ट्रोजेन पाडणाऱ्यांना आवरून धरतं. ते कमी झालं की पाडकाम वेगाने होतं आणि बांधकाम मागे पडतं. अमेरिकेत १९९६ मध्ये ‘स्वॅन’ नावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला आणि त्यात तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या शरीरातले बदल वर्षानुवर्षं नोंदले गेले. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या दहा वर्षांत मणक्याच्या हाडांची सुमारे १० टक्के घनता जाते, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या पाळीआधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षं एवढ्या काळातच जातो, असं त्यातून दिसलं. दुखत नाही, जाणवत नाही. साठी-पासष्टीला बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडतं किंवा खुब्याचं हाड जातं, तेव्हा ते कळतं.

स्नायूंचं थोडं वेगळं आहे. ते तिशी-चाळिशीपासूनच हळूहळू कमी होतात, पुरुषांचेही होतात. त्यातही आधी जातात ते झटक्यात जोर लावणारे तंतू. चालताना त्यांची फारशी गरज पडत नाही. ठेच लागल्यावर दुसरा पाय पटकन पुढे टाकून तोल सावरायचा, धावत्या लोकलकडे झपकन सरकायचं, नातवाला पडता पडता धरायचं, ही त्यांची कामं. इस्ट्रोजेन गेल्याने स्नायू किती जातात यावर संशोधकांत अजून वाद आहे. वापर नसल्यामुळे ते जातात यावर मात्र वाद नाही.

तिसरा बदल चरबीचा. ‘स्वॅन’मध्येच असंही दिसलं की शेवटच्या पाळीच्या दोनेक वर्षं आधीपासून चरबी वाढण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि शेवटच्या पाळीनंतर आणखी दोन वर्षं तो तसाच राहतो. त्याच काळात स्नायू घटत असतात. काट्यावरचा आकडा हे सांगत नाही, कारण एक वाढतं आणि दुसरं कमी होतं.

आपल्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे, आणि त्याची सगळ्यात बोलकी नोंद पुण्यातून आली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर बाहेरून बारीक दिसतं, पण त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू शोषून घेतात. स्नायू मुळातच कमी, वर रजोनिवृत्तीत ते आणखी घटले, तर ती साखर ठेवायला जागा उरत नाही. पन्नाशीत अचानक शुगर निघते ती अशी. ‘मी तर बारीकच आहे’ म्हणणाऱ्या बायकांनी हे मनावर घ्यावं.

गर्भपिशवी काढली असेल तर

हा विषय आपल्या राज्यात टाळून चालणार नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अनेकींचं वय तेव्हा पस्तीसही नव्हतं.

फक्त गर्भपिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण इस्ट्रोजेन चालू राहतं. तरीही अशा बायकांची रजोनिवृत्ती काही वर्षं आधी येण्याची शक्यता असते. अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं, आणि पन्नाशीत व्हायची हाडांची झीज तिशीतच सुरू होते. तुमचं किंवा घरातल्या कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर जुने कागद शोधा, अंडाशय ठेवलेत की काढलेत ते बघा. काढले असतील आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल तर संप्रेरक गोळ्यांविषयी आणि हाडांच्या तपासणीविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. हा तुमचा हक्क आहे, आणि या बायकांना तो कोणी सांगितलेला नसतो याचं मला फार वाईट वाटतं.

चालणं पुरत का नाही

चालणं सोडू नका. हृदयाला, साखरेला, मनाला ते चांगलंच आहे. पण हाड आणि स्नायू सवयीच्या भाराला दाद देत नाहीत. तुमचं शरीर तुमचं वजन घेऊन चाळीस वर्षं चालत आलंय, त्यात त्याला नवं काही नाही. सवयीपेक्षा थोडा जास्त भार आला की हाडातल्या पेशींना तो ताण कळतो आणि त्या तिथे भर घालायला लागतात. स्नायूचंही तेच.

हे तपासून पाहणारा एक सुंदर अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात झाला. ‘लिफ्टमोर’ असं त्याचं नाव. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५. निम्म्या जणींना घरी हलका व्यायाम दिला. बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलायला लावली : जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन उठाबशा, डोक्यावर वजन ढकलणं, आणि जोडीला उडी मारून दाणकन उतरणं. आठ महिन्यांनी हलका व्यायाम करणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता १.२ टक्क्यांनी घटली होती. जड वजन उचलणाऱ्यांची २.९ टक्क्यांनी वाढली होती. मणका मोडेल म्हणून ज्यांना वजन उचलू नका असंच सांगितलं जातं, त्या या बायका. एकीलाही फ्रॅक्चर झालं नाही. हे वाचून उद्यापासून जड बार उचलायला जाऊ नका. त्या बायकांना आधी हलक्या वजनाने पद्धत शिकवली होती आणि शेजारी जाणकार उभे होते.

वय झालं आता, असं म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनचा १९९० मधला प्रयोग आहे. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं, मग पन्नाशीत का होणार नाही?

रात्रीच्या गरम झळांवरही याचा उपयोग होतो असं दिसतंय. स्वीडनमध्ये लिंकोपिंग इथे झालेल्या एका छोट्या अभ्यासात १५ आठवडे वजनी व्यायाम करणाऱ्या बायकांच्या झळा जवळपास निम्म्याने कमी झाल्या. अभ्यास लहान होता, त्यामुळे हे औषध समजू नका. पण झोप लागत नाही म्हणून व्यायाम सोडायचा विचार असेल तर तो बदला.

‘घरकाम काय कमी आहे का?’

हा प्रश्न बायकांच्या प्रत्येक गटात येतो आणि तो रास्त आहे. घरकामाने माणूस थकतो. पण स्नायू वाढायला थकवा पुरत नाही, वाढता भार लागतो. झाडू, लाटणं, ओटा यांचं वजन वीस वर्षं तेवढंच असतं. त्यात खांदे आणि कंबर दुखतात, कारण तीच हालचाल हजारदा होते आणि मांड्या, पाठ, नितंब यांना काम मिळत नाही.

शेतात राबणाऱ्या, डोक्यावरून पाणी आणि मोळ्या आणणाऱ्या बाईला मात्र मी वेगळं सांगेन. तिच्या अंगावर भार आधीच आहे. तिला कमी पडतंय ते अन्न आणि विश्रांती. तिने डंबेल घेण्याआधी घरच्यांनी तिच्या ताटात डाळ, अंडं, दूध येतंय का ते पाहावं, आणि पाठीत वाक न आणता मांड्यांच्या जोरावर ओझं कसं उचलायचं ते तिने शिकावं.

सुरुवात कशी करायची

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेली शिफारस साधी आहे : मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस. सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं. सोमवार आणि गुरुवार धरा, मध्ये स्नायूंना भरून यायला वेळ मिळतो.

आधी स्वतःला तपासा. हात छातीवर दुमडून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठा आणि बसा, वेळ लावा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागली तर स्नायूंची क्षमता घटली आहे असं समजायचं. पन्नाशीच्या आत एवढी लागत असतील तर आजच सुरू करा.

शरीराच्या मुळातल्या हालचाली मोजक्या आहेत आणि त्यांनाच वजन द्यायचं. पहिली उठबस. खुर्चीपासून सुरुवात करा, ती सोपी झाली की छातीशी दोन किलोचं पीठ धरून करा, मग पाच किलोचं. दुसरी, जमिनीवरून उचलणं. गुडघे थोडे वाकवायचे, कंबर मागे ढकलायची, पाठ सरळ, वजन पायांच्या जवळ, आणि टाचा जमिनीत रोवून उभं राहायचं. पाण्याचा पाच लिटरचा कॅन म्हणजे बरोबर पाच किलो वजन, मूठ असलेलं आणि हवं तेवढं भरता येणारं. ही हालचाल सगळ्यात जास्त घाबरवते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते, म्हणून हिच्यावर वेळ घालवा. आरशासमोर बाजूने उभं राहून करा, किंवा कोणाला मोबाईलवर चित्रित करायला सांगा. पाठ कमानीसारखी गोल होत असेल तर वजन कमी करून, कॅन पाटावर ठेवून तिथून उचला.

तिसरी ढकलण्याची. भिंतीवर हात टेकून दंड मारा, मग ओट्यावर टेकून, पुढे कधीतरी जमिनीवर. चौथी ओढण्याची. घरात यासाठी काही नसतं, म्हणून रबरी पट्टा घ्यावा, खिडकीच्या गजाला अडकवून कोपरं मागे ओढावीत. पाचवी डोक्यावर उचलण्याची, वरच्या फळीवर डबा ठेवतो तशी. आणि शेवटी, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या किंवा कॅन घेऊन खोलीत ताठ चालणं. याने मुठीची पकड वाढते. पकड ही उगीच गोष्ट नाही. आशियाई निकषांत बाईची पकड १८ किलोपेक्षा कमी असणं ही स्नायू घटल्याची खूण मानली जाते.

किती वजन? असं की आठ ते बारा वेळा केल्यावर थांबावंसं वाटेल आणि फार तर दोन-तीन वेळा आणखी जमलं असतं. वीस-पंचवीस वेळा गप्पा मारत जमत असेल तर ते वजन तुमच्यासाठी उरलेलं नाही. प्रत्येक हालचाल दोन ते तीन फेऱ्या, फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं शांत बसणं. बारा वेळा सहज जमू लागलं की वजन थोडं वाढवायचं. सगळी गोम या वाढवण्यात आहे. गुलाबी रंगाचा एक किलोचा डंबेल घेऊन पाच वर्षं तोच हलवणाऱ्या बायका मी पाहते. त्यांची चिकाटी मोठी असते, आणि ती वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

श्वास रोखू नका. उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. रक्तदाब असणाऱ्यांनी आणि ज्यांचं गर्भाशय थोडं खाली उतरलंय त्यांनी तर नक्कीच. ‘वजन उचललं की अंग बाहेर येतं’ ही भीती घराघरांत आहे. उतरलेलं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि श्रोणीच्या (ओटीपोटाच्या तळाच्या) स्नायूंचं काम जाणणारे फिजिओथेरपिस्ट यांना भेटा, मग त्यांच्या सल्ल्याने वजन वाढवा. खोकताना, उचलताना लघवीचा थेंब जात असेल तरी हेच. त्यावर उपचार आहे आणि तो साधा आहे. लाजून व्यायाम सोडू नका.

गुडघे दुखतात म्हणून थांबलेल्यांना सांगायचं ते हे, की मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो, आणि झिजलेल्या गुडघ्यांसाठी डॉक्टर जो पहिला उपचार सांगतात तो हाच. पहिलवानासारखे दंड होतील ही काळजी तर सोडूनच द्या. तेवढं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बाईच्या शरीरात नसतं.

ताटाचा हिशोब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीत दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. तब्येत टिकवायला हे ठीक. पण वय वाढतं तसा स्नायू प्रथिनांना कमी दाद देतो, त्यामुळे व्यायाम करणाऱ्या, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बाईने किलोमागे १ ते १.२ ग्रॅमचं लक्ष्य ठेवावं असं अनेक तज्ज्ञ सांगतात. ६० किलो वजन असेल तर ६० ते ७२ ग्रॅम.

आता नेहमीचा दिवस मोजू. सकाळी चहा-खारी, नंतर कांदेपोहे : ६-७ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात : १५-१६. संध्याकाळी चहा-चिवडा : २-३. रात्री भाकरी, भाजी, आमटी : १०-११. एकूण ३५ च्या आसपास. घरोघरी साधारण हेच निघतं. वरण पातळ असेल तर याहून कमी. गरजेच्या निम्म्याने तूट, आणि वर आपण तिला रात्रीचं जेवण सोडायला सांगतो.

तूट भरायला प्रथिनांच्या पावडरचे महाग डबे लागत नाहीत. साठ ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेली दोन-तीन धिरडी म्हणजे १४ ग्रॅम. पोह्यांच्या जागी ती आणि वाटीभर दही, की सकाळचाच आकडा वीसजवळ जातो. पन्नास ग्रॅम बेसनाचं घट्ट पिठलं १० ग्रॅम. दोन अंडी १२. पन्नास ग्रॅम फुटाणे १०. तीस ग्रॅम सोयावडी, कोरडी असताना मोजलेली, १५ ग्रॅम, आणि किंमत अगदीच थोडी. पन्नास ग्रॅम पनीर ९. मासे खाणाऱ्यांना मध्यम बांगड्यात १८-२० सहज मिळतात. मटकी, कुळीथ, हुलग्याचं शेंगोळं, हरभऱ्याची उसळ हे आपलेच पदार्थ, फक्त वाटी मोठी घ्या आणि रस्सा कमी. प्रथिनं दिवसभरात वाटून घ्या, प्रत्येक जेवणात २० ग्रॅमच्या आसपास. सकाळी सहा आणि रात्री चाळीस असं केलं तर स्नायूला तेवढा उपयोग होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

भाकरी, भात सोडायची गरज नाही. वजन उचलायला इंधन लागतं. भाताचा डोंगर आणि वरणाचा थेंब हे प्रमाण बदला एवढंच.

उपासांविषयी थोडं. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. आठवड्यातून दोन वार, वर एकादशी, चतुर्थी आणि सगळा श्रावण असे उपास करणारी बाई महिन्यातले दहा-बारा दिवस स्नायूला उपाशी ठेवते. श्रद्धा सोडा असं कोण म्हणणार? पण राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, दूध, पनीर, शेंगदाण्याची आमटी, भगर हे सगळं उपासाला चालतं. त्या दिवशी साबुदाण्याऐवजी ते घ्या.

कॅल्शियमची गरज पाळी गेल्यावर वाढते. पोषण संस्थेच्या त्याच शिफारशीत ती रोज १२०० मिलिग्रॅम धरली आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम, म्हणजे एका भाकरीतून १८० च्या आसपास. दोन कप दुधातून साडेचारशे-पाचशे, मोठी वाटी दह्यातून दीडशे-पावणेदोनशे, चमचाभर न सोललेल्या तिळातून शंभर. शेवग्याच्या पाल्याची भाजी शंभर ग्रॅमला तीनशे देते. कोकणात कवचासकट खाल्ला जाणारा सुका जवळा आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी मांदेली हेही उत्तम. पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेट या घटकामुळे आतड्यात फारसं शोषलं जात नाही. ताटातून पुरत नसेल तेवढीच गोळी घ्या.

ड जीवनसत्त्वाशिवाय हे कॅल्शियम नीट आत घेता येत नाही, आणि ऊन भरपूर असूनही भारतात त्याची कमतरता सर्रास दिसते. रक्त तपासून घ्या. साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी किंवा गोळी ठरावीक आठवड्यांसाठी असते. मैत्रिणीने सांगितली म्हणून वर्षभर घेत राहणाऱ्या बायका आहेत, आणि त्याचा मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. शाकाहारी असाल तर बी-१२ ही त्याच वेळी तपासा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. सगळ्यांना वाढून झाल्यावर जी बाई बसते, तिच्या वाट्याला बहुतेकदा आमटीचं पाणी आणि भाजीचा तळ येतो. वरची डाळ, पनीरचे तुकडे, माशाची मधली तुकडी आधीच गेलेली असते. तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं गेलं पाहिजे. मुलांनो, नवरे मंडळींनो, हे तुमचं काम आहे.

कधी थांबायचं, कधी विचारायचं

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर कितीही थोडं असलं तरी लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. उंची दोन-चार सेंटिमीटरने कमी झाली असेल किंवा पाठीत अचानक कळ येऊन राहिली असेल, तर मणक्याचं हाड दबलेलं असू शकतं, एक्स-रे काढा. आईला खुब्याचं फ्रॅक्चर झालेलं असेल, स्टिरॉइड दीर्घकाळ घेतली असतील, पाळी चाळिशीच्या आसपास गेली असेल तर हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत तुमच्या हाडांची घनता सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) म्हणतात. तसा असेल तर जड वजन फक्त जाणकारासमोर, आणि पाठ गोल करून पुढे वाकण्याच्या हालचाली, म्हणजे पश्चिमोत्तानासन, हलासन आणि जमिनीवरून पोटाच्या जोरावर उठणं, टाळा. योगवर्गात शिक्षकांना आपला रिपोर्ट दाखवा, ते पर्यायी आसनं देतील.

झळा असह्य असतील, झोप पार उडाली असेल तर संप्रेरक उपचार हा मार्ग आहे. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केला तर बहुतेक निरोगी बायकांना त्याचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर तो देत नाहीत. व्यायाम आणि आहार त्याच्याही जोडीला लागतातच.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद भराभर वाढते, कारण मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना वापरायला शिकतात. या काळात काटा हलला नाही तर घाबरू नका. कंबर मोजा, भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत ती असावी. वहीत तारीख, हालचाल, वजन आणि किती वेळा केलं एवढं लिहा. स्नायू दिसायला तीनेक महिने लागतात. हाडाला आणखी वेळ लागतो, म्हणून डेक्सा दर तीन महिन्यांनी करण्यात पैसे घालवू नका. पुन्हा करायची तर एक-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर, म्हणजे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील.